फवारणीच्या डब्यावरचं वाचता, मग गोळीच्या पट्टीवरचं का नाही?

दारव्हा (प्रतिनिधी) : कपाशीवर फवारा मारायचा असला की आपला शेतकरी कृषी केंद्रवाल्याला दहा प्रश्न विचारतो. पंपाला किती टाकायचं? दुसऱ्या औषधासोबत चालतं का? वरून पाऊस आला तर पुन्हा मारावं लागेल का? डब्यावरचा त्रिकोण लाल आहे की निळा, तेही बघतो. तोच माणूस दवाखान्यातून बाहेर येतो तेव्हा हातातल्या पिशवीत चार प्रकारच्या गोळ्या असतात आणि कोणती कशाची हे त्याला सांगता येत नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "पांढरी सकाळची, गुलाबी रातची. डॉक्टरनं देल्ल्या."

हा पांढऱ्या-गुलाबीचा हिशेब कंपनी बदलेपर्यंतच चालतो. पुढच्या महिन्यात मेडिकलवाल्याने तेच औषध दुसऱ्या कंपनीचं दिलं की पांढरीची पिवळी होते. मग एकतर गोळी सुटते, नाहीतर जुनी उरलेली आणि नवी आणलेली अशा दोन्ही सुरू राहतात. म्हणजे एकाच औषधाचा डोस दुप्पट. पिकाला डबल डोस गेला तर पान करपलेलं दुसऱ्या दिवशी दिसतं. माणसाचं आत काय करपतं ते लवकर दिसत नाही.

आरोग्य साक्षरता हा शब्द आजकाल शिबिरात, भाषणात ऐकू येतो. त्याचा अर्थ साधा आहे. आपल्याला काय झालंय, त्यावर काय सुरू आहे आणि कधी धावपळ करायची, हे कळणं आणि त्याप्रमाणे वागणं. याचा शाळेच्या शिक्षणाशी थेट संबंध नाही. पदवी झालेल्या पोराला स्वतःचा रिपोर्ट कळत नाही आणि अंगठा लावणारी आजी आपल्या शुगरचा आकडा तोंडपाठ सांगते, अशी घरं प्रत्येक गावात आहेत. या बाबतीत आजीच जास्त शिकलेली.

खालची माहिती डॉक्टरांच्या ऐवजी नाही. डॉक्टरांसमोर बसल्यावर आपल्याला दोन गोष्टी कळाव्यात आणि दोन विचारता याव्यात, एवढ्यासाठी आहे.

पट्टीवर काय बघायचं?

गोळ्यांच्या पट्टीवर बारीक अक्षर असतं, तेही बहुतेक इंग्रजीत. पण सगळं वाचायची गरज नाही. चार गोष्टी पुरतात.

पहिली, औषधाचं मूळ नाव. मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीने ठेवलेलं असतं. त्याच्या जवळ किंवा खाली बारीक अक्षरात आत काय आहे ते लिहिलेलं असतं. बियाण्याच्या पिशवीवर कंपनीचं नाव वेगळं आणि वाण वेगळा असतो, तसंच हे. नाव कंपनीगणिक बदलतं, आतलं औषध तेच राहतं. जनऔषधी केंद्रात जे स्वस्त जेनेरिक औषध मिळतं, ते या मूळ नावानेच मिळतं.

दुसरी, ताकद. नावापुढे ५ मिलिग्रॅम, ५०० मिलिग्रॅम असा आकडा असतो. नाव तेच असलं तरी आकडा वेगळा असेल तर डोस बदलला. महिन्याची गोळी घेताना मागच्या पट्टीशी हा आकडा ताडून बघा.

तिसरी, मुदत. एक्स्पायरीमध्ये महिना आणि वर्ष असतं. त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं, नंतर नाही.

चौथी, लाल रेघ. पट्टीच्या बाजूला उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही असा त्याचा अर्थ. बरीचशी अँटिबायोटिक याच रेघेची. साधी सर्दी, खोकला, व्हायरल ताप यावर अँटिबायोटिक काम करत नाही. तरी "मागच्या वेळी याच गोळीनं बरं वाटलं होतं" म्हणून तीच पट्टी मागायला आपण मेडिकलवर जातो. उगाच घेतलेल्या अँटिबायोटिकने जंतू सरावतात. एकच कीटकनाशक वर्षानुवर्षं मारलं की अळी मरेनाशी होते, हे आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही. शरीरातल्या जंतूंचंही तसंच होतं. मग खरी गरज पडते त्या दिवशी औषध लागू पडत नाही.

मेडिकलवाला चार गोळ्या कापून देतो तेव्हा नाव किंवा तारीख दुसऱ्या तुकड्यावर राहून जाते. कापायच्या आधी पूर्ण पट्टीचा फोनवर फोटो काढून घ्या आणि बिल मागा. १ ऑगस्ट २०२३ पासून तयार होणाऱ्या, जास्त खपाच्या ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड छापणं सरकारने बंधनकारक केलं आहे. तो स्कॅन करून औषधाचं नाव, बॅच आणि तारीख ताडून बघता येते. इंग्रजी वाचता येत नसेल तर फोनमधलं गूगल लेन्स पट्टीवर धरा, मराठीत भाषांतर दाखवतं. त्यावरून नाव समजून घ्यायचं. डोस ठरवायचा नाही.

मलमाच्या ट्यूबचंही तसंच. पावसाळ्यात जांघेत, कमरेला गजकर्ण उठलं की मेडिकलवरून ट्यूब आणली जाते. त्यावर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असं काही लिहिलं असेल तर त्यात स्टेरॉईड आहे. अशा ट्यूबने दोन दिवसांत खाज थांबते म्हणून ती चांगली वाटते. पण आतून गजकर्ण पसरत राहतं, कातडी पातळ पडते आणि पुढे साध्या औषधाने ते लवकर जात नाही.

चिठ्ठीतली भाषा

चिठ्ठीवर गोळीच्या नावापुढे १-०-१ लिहिलेलं असतं. पहिला आकडा सकाळचा, मधला दुपारचा, शेवटचा रात्रीचा. म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. काही डॉक्टर इंग्रजी अक्षरं लिहितात. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा. एचएस म्हणजे झोपताना. एसओएस म्हणजे त्रास झाला तरच. ही एसओएसची गोळी रोजची समजून महिनोन्‌महिने खाणारी माणसं आहेत, म्हणून हे अक्षर नीट ओळखा.

डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरात लिहावं, हा २०१६ पासूनचा नियम आहे. अक्षर लागत नसेल तर "साहेब, हे जरा वाचून सांगा" म्हणण्यात काही वावगं नाही.

"जेवणाआधी" आणि "जेवणानंतर" यालाही कारण असतं. थायरॉईडची गोळी सकाळी रिकाम्या पोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी घ्यावी लागते, नाहीतर ती अंगी लागत नाही. अंगदुखीच्या बऱ्याच गोळ्या जेवणानंतर सांगतात, कारण रिकाम्या पोटी त्या जठराला त्रास देतात.

एकच औषध, तीन नावं

तापाच्या साथीत हा घोळ फार होतो. घरात तापाची गोळी असते. मेडिकलवरून सर्दीची आणतो. अंगदुखीची शेजारी देतो. तिन्हीची नावं वेगळी, पण बारीक अक्षर वाचलं तर तिन्हीत पॅरासिटामॉल निघू शकतं. धडधाकट मोठ्या माणसाने चोवीस तासांत पॅरासिटामॉल ४ ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये. म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या जास्तीत जास्त ८ गोळ्या, त्याही चार ते सहा तासांच्या अंतराने. रोज दारू पिणारा, कावीळ झालेला, वजन फार कमी असलेला यांची मर्यादा याहून कमी. त्यांनी विचारूनच घ्यावी. जास्त झालं की लिव्हर खराब होतं, आणि पहिल्या दिवशी ते कळतही नाही.

डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या दुखण्याच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. निंदणाच्या, सोंगणीच्या दिवसांत कंबर दुखते म्हणून रोज एक गोळी टाकून कामावर जाणारे बाया-माणसं आहेत. या गोळ्या रोज घेतल्या तर पोटात जखम होऊन रक्त जाऊ शकतं, बीपी वाढतो, किडनीवर ताण येतो. उन्हात घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालेलं असताना किडनीला धोका आणखी वाढतो. आणि डेंग्यूची शंका असेल तर या गोळ्या आणि अ‍ॅस्पिरिन घेऊच नयेत, रक्तस्राव होऊ शकतो. तापाला फक्त पॅरासिटामॉल, आणि तपासणी.

"आता बरं वाटून रायलं, मंग गोळी कायले खाऊ?"

आपल्या भागात सर्वात महागात पडणारं वाक्य हेच. बीपीची गोळी सुरू होते, महिनाभर घेतली जाते, मोजल्यावर आकडा चांगला येतो आणि माणूस गोळी बंद करतो. बंद केल्यावर आठ दिवस काहीच होत नाही. त्यामुळे त्याची खात्री पटते की गोळीची गरज नव्हती.

बीपी म्हणजे रक्ताचं नळ्यांमधलं प्रेशर. ठिबकच्या लाईनला प्रेशर जास्त झालं तर पहिल्या दिवशी शेत हिरवंच दिसतं. पण जोड ढिले होत जातात आणि एक दिवस जिथे कमजोर आहे तिथे नळी फुटते. शरीरात ही नळी डोक्यात फुटली किंवा बुजली तर लकवा, हृदयाची बुजली तर हार्ट अटॅक. किडनी आणि डोळ्याच्या पडद्याच्या बारीक नळ्या हळूहळू निकामी होतात. हे सगळं होईपर्यंत बहुतेकांचं डोकंसुद्धा दुखत नाही. म्हणून "मला काही त्रास नाही" यावरून बीपी ठरत नाही. तो मोजावाच लागतो.

दोन आकडे असतात. वरचा हृदय आवळतं तेव्हाचा, खालचा ते सैल पडतं तेव्हाचा. १२०/८० च्या आसपास चांगला. वेगवेगळ्या दिवशी मोजून वरचा १४० किंवा जास्त, किंवा खालचा ९० किंवा जास्त येत असेल तर बीपीचा आजार धरतात. एका वेळच्या आकड्यावर घाबरूही नका, खूषही होऊ नका. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला. अर्धा तास आधी चहा, बिडी, खर्रा नको. मोजताना बोलायचं नाही. बाजाराच्या दिवशी जिना चढून आल्या आल्या घेतलेला आकडा खरा येत नाही.

गोळी बीपी कायमचा बरा करत नाही, आटोक्यात ठेवते. आकडा चांगला आला तो गोळीमुळे आला. मोटार सुरू आहे म्हणून टाकीत पाणी आहे, मोटार बंद केली की पाणी थांबणार. "गोळीची सवय लागते" असं म्हणतात, तेही चूक आहे. सवय लागत नाही, आजारच राहणारा आहे. वजन कमी झालं, मीठ कमी केलं, दारू-तंबाखू सुटली तर डॉक्टर गोळी कमी करू शकतात. पण ते त्यांनी मोजून ठरवायचं. मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी असावं, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. यात भाजीतलं, भाकरीतलं, लोणच्याचं, पापडाचं, शेव-चिवड्याचं सगळं आलं.

काही लोक गोळी बंद करतात कारण त्रास होतो. अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने काहींच्या घोट्याला सूज येते. काही गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो. हे खरं आहे आणि त्यावर उपाय आहे, डॉक्टर गोळी बदलून देतात. पण आपण सांगितलंच नाही आणि गुपचूप बंद केली, तर डॉक्टरांना कळणार कसं? पुढच्या वेळी आकडा वाढलेला बघून ते डोस वाढवतील, कारण त्यांना वाटतं गोळी सुरूच आहे.

लकव्याची खूण घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात किंवा पाय उचलता न येणं, बोलणं अडखळणं. यातलं एक जरी अचानक झालं तरी लगेच १०८ ला फोन करा आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा. रक्ताची गाठ अडकून लकवा झाला असेल तर गाठ विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, तेही सीटी स्कॅन करून. आपल्याकडे हे तास अंगारा लावण्यात, तेल चोळण्यात आणि "लकव्याचं औषध देणाऱ्या" गावाला जाण्यात जातात. घरची बीपीची गोळी जिभेखाली ठेवणं, तोंडात पाणी घालणं हेही करू नका.

शुगर आणि उपास

उपाशीपोटी शुगर १०० च्या खाली असेल तर ठीक. १०० ते १२५ म्हणजे काठावर. १२६ किंवा जास्त आली आणि दुसऱ्या तपासणीतही तसंच निघालं तर मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या तपासणीत ६.५ टक्के किंवा जास्त म्हणजे मधुमेह. मोजायला जाण्याच्या आदल्या दोन दिवशी गोड बंद करून आकडा चांगला आणणारे आहेत. तीन महिन्यांच्या तपासणीला ही हुशारी चालत नाही, आणि फसवणूक होते ती स्वतःची.

चतुर्थी, श्रावण, नवरात्र असं उपासाचं आपल्याकडे वर्षभर चालतं. ग्लायमेपिराईडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन पोट रिकामं ठेवलं तर शुगर एकदम खाली येते. हात थरथरतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस असंबद्ध बोलतो. अशा वेळी शुद्धीवर असेल तर तीन छोटे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांत बरं न वाटल्यास पुन्हा द्या, मग काही खायला द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या. आणि दुसऱ्या टोकाला, उपासाचा साबुदाणा आणि बटाटा शुगर झपाट्याने वाढवतो. उपास करायचाच असेल तर आधी विचारा, "त्या दिवशी गोळी कशी घेऊ?" डॉक्टर रागावत नाहीत.

सलाईनमध्ये ताकद किती?

"लय अशक्तपणा आला, एक सलाईन लावून द्या." हे मागून घेतलेलं सलाईन बहुतेक वेळा दोन प्रकारचं असतं, आणि बाटलीवर ते लिहिलेलं असतं. डेक्स्ट्रोज ५ टक्के, ५०० मिलिलिटर असं लिहिलं असेल तर आत २५ ग्रॅम साखर आहे. म्हणजे पाच-सहा चमचे साखर, एका केळातून मिळते साधारण तेवढी शक्ती. सोडियम क्लोराईड ०.९ टक्के लिहिलं असेल तर आत साडेचार ग्रॅम मीठ आहे आणि बाकी पाणी. उलट्या थांबत नाहीत, पाणी पोटात राहत नाही, माणूस बेशुद्ध आहे, रक्तदाब पडलाय, तेव्हा हेच सलाईन जीव वाचवतं. पण चालत दवाखान्यात आलेल्या, जेवू-पिऊ शकणाऱ्या माणसाला त्यातून ताकद मिळत नाही. अशक्तपणाचं कारण रक्त कमी असणं, शुगर, टीबी, थायरॉईड यातलं काही असेल तर सलाईनने ते दोन दिवस झाकलं जातं, एवढंच. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आणि सोबत अशक्तपणा, वजन घटणं असेल तर सलाईन नको, बेडका तपासा. सरकारी दवाखान्यात तो मोफत तपासतात.

जुलाबाला मात्र पाणी लागतं, आणि ते तोंडानेच चांगलं. ओआरएसचं पाकीट घेताना किती पाण्यात कालवायचं ते वाचा. मोठं पाकीट १ लिटरचं असतं, छोटं २०० मिलिलिटरचं. मोठं पाकीट एका ग्लासात कालवलं तर मीठ जास्त होऊन लेकराला अपायच होतो. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. २४ तासांनी उरलेलं फेकून द्या. सहा महिन्यांवरच्या लेकराला सोबत झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी १४ दिवस, जुलाब थांबले तरी. ती आशाताईंकडे, उपकेंद्रात मोफत मिळते. दुकानातली गोड पेयं ओआरएसच्या नावाने विकली जात होती, त्यात साखर भरपूर. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली. तरी घेताना वाचूनच घ्या.

बायांचं रक्त आणि काळ्या गोळ्या

बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं, गरोदरपणी ११ च्या वर, पुरुषाचं १३ च्या वर. सातच्या खाली म्हणजे गंभीर, लगेच दवाखाना. गरोदर बाईला लोहाची गोळी रोज एक अशा १८० दिवस घ्यायला सांगतात. बऱ्याच घरांत ती फडताळात पडून असते. कारण काय? शी काळी होते, मळमळतं, आणि सासू म्हणते गोळीनं लेकरू काळं होतं.

शी काळी होणं हे लोहामुळे होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. लेकराच्या रंगाचा गोळीशी काही संबंध नाही. फक्त गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्यासोबत घेतली तर चांगली लागते. एवढी चार वाक्यं त्या घरात कोणी नीट सांगितली असती तर गोळ्या पोटात गेल्या असत्या. प्रसूतीच्या वेळी रक्ताच्या बाटलीसाठी होणारी पळापळ कित्येकदा इथूनच सुरू झालेली असते.

डॉक्टरांना काय विचारायचं?

दवाखान्यात गर्दी असते, डॉक्टर घाईत असतात, आपल्याला संकोच वाटतो. म्हणून घरूनच ठरवून जा. तीन प्रश्न पुरे :

१. मला नेमकं काय झालंय?
२. ही गोळी कशासाठी, किती दिवस, आणि कधी घ्यायची?
३. काय झालं तर मी लगेच परत यायचं?

आणि निघताना आपल्याला समजलेलं आपल्या शब्दांत एकदा बोलून दाखवा, "म्हणजे ही सकाळी एक, ही रात्री एक, आणि ही फक्त ताप आला तर, बरोबर?" चुकलं असेल तर तिथेच दुरुस्त होतं.

आपल्याकडूनही काही सांगणं लागतं. आधीपासून कोणती गोळी सुरू आहे, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे, बाई गरोदर आहे का, दारू-खर्रा किती, वैद्याची पुडी सुरू आहे का. हे लपवून फायदा नाही. जुने कागद एका फाईलमध्ये तारखेने लावा. पोराची मार्कशीट, सातबारा, पीकविम्याची पावती जपता, त्याच ट्रंकेत ही फाईल ठेवा.

पैशाचीही एक गोष्ट माहीत असू द्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयात तपासणी आणि उपचार मोफत आहेत. बीपी, शुगरच्या गोळ्या आरोग्य केंद्रातून मिळतात. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा उपकेंद्रात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात बीपी-शुगर मोजून घ्यावी. "औषधाला पैसे नव्हते म्हणून बंद केलं" असं म्हणायची वेळ येऊ देऊ नका, आधी तिथे विचारा.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा इलाज

मोबाईलवर रोज एक तरी इलाज येतो. या पाल्याने शुगर मुळासकट जाते, त्या रसाने किडनीचा खडा रात्रीतून पडतो. पुढे पाठवायच्या आधी तीन गोष्टी बघा. कोणी सांगितलं त्याचं नाव-गाव आहे का? "सुरू असलेली गोळी बंद करा" असं त्यात आहे का? शेवटी काही विकायला ठेवलंय का? पहिलं नसेल आणि पुढच्या दोन्हींतलं एक जरी असेल तर तो मेसेज तिथेच थांबवा. बियाण्याच्या बोगस जाहिरातीने एक हंगाम जातो. बोगस इलाजाने माणूस जातो.

फवारणीच्या दिवसांत

सुरुवात डब्यापासून केली, तर त्याचंही पूर्ण वाचू. लाल त्रिकोण सर्वात विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, कमी विषारी. २०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. डब्यासोबतच्या माहितीपत्रकात विषबाधेची लक्षणं आणि त्यावरचा उतारा छापलेला असतो. मळमळ, डोकं गरगरणं, तोंडाला लाळ, डोळ्यांना धूसर दिसणं असं काही झालं तर काम थांबवा, कपडे काढा, अंग साबणपाण्याने धुवा, उलटी काढायचा प्रयत्न करू नका आणि दवाखान्यात जाताना डब्याचं लेबल किंवा त्याचा फोटो सोबत न्या. कोणतं विष हे डॉक्टरांना कळलं की इलाज लवकर सुरू होतो.

फोनमध्ये हे नंबर आजच टाकून ठेवा. १०८ अँब्युलन्स. १०२ गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी. मन खचलं, झोप उडाली, जगू नये असं वाटलं तर १४४१६, टेलिमानस, मोफत, मराठीत बोलतात.

आज रात्री एवढं करा

जेवण झाल्यावर घरातल्या सगळ्या गोळ्या एका ताटात काढा. वाचता येणारं जे पोर असेल त्याला सोबत बसवा. मुदत गेलेल्या बाजूला करा. राहिलेल्यांपैकी प्रत्येक पट्टीवर पेनाने मराठीत लिहा : कोणाची, कशाची, केव्हा. "बाबा, बीपी, सकाळी." "आई, शुगर, जेवणाआधी." जी पट्टी कशाची आहे हे कोणालाच सांगता येत नाही ती खाऊ नका, पण फेकूही नका. ती आणि जुनी चिठ्ठी घेऊन उद्या उपकेंद्रात सिस्टरला किंवा आशाताईला दाखवा. आणि बाबांची बीपीची गोळी मागच्या महिन्यापासून बंद आहे असं या ताटावरून लक्षात आलं, तर उद्या सकाळी आधी त्यांना मोजायला घेऊन जा. शेतातलं काम दुपारपर्यंत थांबू शकतं.